सिउदाद रेआलच्या हँडबॉल क्लबने आपले गाव सोडायला नको होते

चाळीस_बाय_वीस (मूळ लेख)

स्पेनच्या ला मांचा प्रदेशात, माद्रिदच्या दक्षिणेला, सिउदाद रेआल नावाचे सुमारे पंचाहत्तर हजार वस्तीचे शहर आहे. तिथे 1981 मध्ये स्थापन झालेल्या हँडबॉल क्लबने 2006, 2008 आणि 2009 अशी तीन वर्षे युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. आसोबाल या स्पेनच्या अव्वल लीगचे विजेतेपद त्याने पाच वेळा मिळवले, त्यातले चार 2007 ते 2010 या काळात सलग. 2011 मध्ये क्लबने आपले शहर सोडले, माद्रिदला जाऊन आत्लेतिको माद्रिद या फुटबॉल क्लबचे नाव आणि लाल-पांढरे पट्टे घेतले आणि दोन वर्षांत, जुलै 2013 मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली तो बंद पडला. या क्लबविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा एकच सूर असतो, तो म्हणजे आर्थिक मंदीने एका महान संघाचा बळी घेतला. मला हे मान्य नाही. मंदीने हा क्लब अडचणीत आणला हे खरे आहे, परंतु तो संपला तो शहर सोडण्याच्या निर्णयामुळे, असे माझे मत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा बंदिस्त मैदानावर सात-सात खेळाडू तीस-तीस मिनिटांचे दोन डाव खेळतात. गोलसमोरच्या सहा मीटरच्या कमानीत गोलरक्षकाखेरीज कोणालाही पाय टेकता येत नाही, त्यामुळे आक्रमक त्या रेषेवरून हवेत झेपावतो आणि जमिनीला पाय लागायच्या आत चेंडू फेकतो. स्पॅनिश भाषेत या खेळाला ‘बालोनमानो’ म्हणतात. तो तिथे मोठ्या शहरांपेक्षा मध्यम आणि लहान गावांत अधिक रुजलेला आहे, ही गोष्ट माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे.

सिउदाद रेआलचा संघ किती चांगला होता हे 2009 च्या अंतिम फेरीवरून कळते. त्या काळी अंतिम फेरी दोन सामन्यांची असे. जर्मनीतल्या कीलमध्ये पहिला सामना 39–34 असा हरल्यावर त्यांनी आपल्या किखोते अरेनामध्ये दुसरा सामना 33–27 असा जिंकला आणि एकूण 67–66, म्हणजे एका गोलाच्या फरकाने, युरोपचे विजेतेपद राखले. त्याच्या आदल्या वर्षी तर ते घरच्या मैदानावर 27–29 हरले होते आणि कीलमध्ये जाऊन 31–25 जिंकून आले होते. आइसलँडचा डावखुरा ओलाफुर स्तेफान्सन, गोलरक्षक आर्पाद श्तेर्बिक, फ्रान्सचा बचावपटू दिदिये दिनार, स्वीडनचा योनास शेल्मन, स्पेनचे आल्बेर्तो एन्त्रेर्रियोस आणि रोलांदो उरियोस ही मंडळी एका मध्यम आकाराच्या, शेतीप्रधान प्रदेशातल्या शहरात राहून खेळत होती. त्यांचा प्रशिक्षक तालांत दुयशेबाएव. किर्गिझस्तानात जन्मलेला हा माणूस 1992 च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाकडून सुवर्णपदक जिंकला, पुढे स्पेनचा नागरिक होऊन स्पेनकडूनही खेळला.

आता प्रश्न पैशाचा. क्लबचे अध्यक्ष दोमिंगो दियास दे मेरा हे बांधकाम व्यवसायातले उद्योजक होते, आणि सिउदाद रेआलजवळ उभारलेल्या खाजगी विमानतळाच्या प्रवर्तकांपैकीही होते. तो विमानतळ 2008 मध्ये सुरू झाला आणि 2012 मध्ये बंद पडला. त्या प्रदेशातली मोठी बचत बँक, काखा कास्तिया-ला मांचा, मार्च 2009 मध्ये स्पेनच्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागली. म्हणजे त्या वर्षी वसंतात ज्या दिवसांत हा संघ युरोप जिंकत होता, त्याच दिवसांत त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. बांधकामाचा पैसा आटला, प्रायोजक मागे हटू लागले, सरकारी मदतही पूर्वीसारखी मिळेना.

अशा वेळी क्लबपुढे दोन मार्ग होते. खर्च कापायचा, महागडे खेळाडू जाऊ द्यायचे, काही वर्षे मधल्या स्थानावर खेळायचे आणि आपल्या शहरात टिकून राहायचे, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे तोच खर्च पेलू शकेल असे मोठे शहर शोधायचे. क्लबने दुसरा मार्ग निवडला. माद्रिदमध्ये त्यांना आत्लेतिकोचे प्रसिद्ध नाव मिळाले, व्हिस्ताअलेग्रेचे प्रशस्त सभागृह मिळाले, परंतु वीस-पंचवीस वर्षे दर शनिवारी येणारी माणसे मिळाली नाहीत. जो क्लब स्वतःच्या शहरात पडला असता तर कोणीतरी त्याला उचलले असते, तो परक्या शहरात पडला तेव्हा त्याला उचलणारे कोणी नव्हते. माझ्या मते या साऱ्या कहाणीचा खरा धडा तिथे आहे आणि तो मंदीच्या चर्चेत हरवून जातो.

डावा_कोपरा

लेख मनापासून लिहिलेला आहे आणि त्यातली माहिती योग्य आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. आपण दोन मार्ग सांगितलेत, त्यातला पहिला मार्ग त्या वेळी खरोखर उपलब्ध होता असे मला वाटत नाही. ज्या क्लबने चॅम्पियन्स लीग जिंकण्याच्या पातळीचे करार केलेले आहेत, त्याला एका उन्हाळ्यात मधल्या स्थानाचा संघ होता येत नाही. करार पुढच्या वर्षांचे असतात, देणी मागच्या वर्षांची असतात, आणि उत्पन्न मात्र चालू वर्षी घसरलेले असते. खेळाडू सोडून दिले तरी त्यांची थकबाकी सोडून जात नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. शहर न सोडलेल्या क्लबांचे काय झाले ते पाहा. पाम्प्लोनाचा सान अंतोनियो हा क्लब 2001 चा युरोपविजेता, जॅक्सन रिचर्डसन आणि इव्हानो बालिच यांच्यासारखे खेळाडू त्याच्याकडून खेळलेले. 2006 ची अंतिम फेरी याच क्लबने सिउदाद रेआलविरुद्ध खेळली होती. त्याच्या नावापुढे ‘पोर्टलँड’ असे ते सिमेंट कंपनीमुळे. तो क्लब माद्रिदला गेला नाही, नवाराच्या मातीतच राहिला, आणि तिथेच काही वर्षांत बुडाला. वायादोलिदच्या क्लबने 2009 मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकला, तोही आपल्या शहरातच राहिला आणि 2014 मध्ये बंद झाला. म्हणजे आपण ज्याला मृत्यूचे कारण म्हणता ते कारण नसतानाही मृत्यू आलाच. तेव्हा स्थलांतराला दोषी धरणे म्हणजे रुग्ण दवाखान्यात नेताना वाटेत दगावला म्हणून रस्त्याला दोष देण्यासारखे आहे.

उलट माद्रिदच्या त्या दोन वर्षांकडे मी आदराने पाहतो. 2012 मध्ये तो संघ कोलोनला झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि कीलकडून 26–21 हरला. त्याच वर्षी दोहामध्ये त्याच कीलला हरवून त्याने क्लबांची जागतिक स्पर्धा जिंकली. कोपा देल रेय, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चषक, 2012 मध्ये जिंकला आणि शेवटच्या हंगामात, 2013 मध्ये, पुन्हा जिंकला. उद्या आपला क्लब राहील की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसांनी इतके खेळून दाखवले. शिवाय जानेवारी 2013 मध्ये स्पेनने डेन्मार्कला 35–19 असे हरवून विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघाचा पिव्होट, म्हणजे गोलसमोरच्या रेषेवर बचावपटूंच्या मध्ये खेळणारा, हुलेन आगिनागाल्दे आत्लेतिकोचा होता. स्थलांतर झाले नसते तर ही माणसे 2011 मध्येच जर्मनी, हंगेरी आणि पोलंडमध्ये विखुरली असती. क्लबला दोन वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले. ती दोन वर्षे स्पॅनिश हँडबॉलसाठी फार मोलाची होती.

चाळीस_बाय_वीस

पाम्प्लोना आणि वायादोलिदची उदाहरणे रास्त आहेत आणि ती मी मूळ लेखात घ्यायला हवी होती. परंतु त्या दोन शहरांत पुढे काय झाले हेही पाहावे. वायादोलिदमध्ये जुना क्लब बंद झाल्यावर त्याच वर्षी नवा क्लब उभा राहिला, आणि तो पुढे आसोबाल लीगमध्ये परत आला. प्रेक्षक तिथेच होते, मुलांचे संघ तिथेच होते, सभागृह तिथेच होते. सिउदाद रेआलमध्येही हँडबॉल संपला नाही, पण तो दुसऱ्याच क्लबांनी, खालच्या विभागांतून, पुन्हा उभा केला. माद्रिदमध्ये मात्र आत्लेतिकोचा संघ गेल्यावर त्याच्या जागी कोण आले? त्यांच्या त्या दोन वर्षांतून राजधानीत काहीही उगवले नाही.

उत्तरेकडची_खिडकी

मी ग्रानोयेर्सजवळ बरीच वर्षे राहते, माझी मुलगी तिथल्या शाळेत शिकते आणि हँडबॉल खेळते, म्हणून या चर्चेत लिहिण्याचे धाडस करते. मला दोन्ही बाजूंना थोडे वेगळे सांगायचे आहे.

ग्रानोयेर्स हे बार्सेलोनाच्या उत्तरेला साठ-पासष्ट हजार वस्तीचे शहर आहे, म्हणजे सिउदाद रेआलहून थोडे लहान. इथला हँडबॉल क्लब 1944 पासून चालू आहे. 1976 मध्ये त्याने युरोपियन कप विनर्स कप जिंकला, 1995 आणि 1996 मध्ये ईएचएफ कप, म्हणजे युरोपियन हँडबॉल महासंघाचा चषक, जिंकला. 1992 च्या ऑलिंपिकचे हँडबॉल सामने प्रामुख्याने या गावातल्या सभागृहात झाले, आणि गावाला याचा आजही अभिमान आहे. इथे फुटबॉल दुसऱ्या क्रमांकावर आहे असे कोणी म्हणाले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलामुलींची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, तेव्हा शहरातल्या जवळजवळ प्रत्येक व्यायामशाळेत आणि मोकळ्या पटांगणावर सामने चालू असतात आणि बेकरीच्या रांगेत डॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज मुले उभी असतात.

मंदी इथेही आली होती. इथल्या क्लबचाही पैसा कमी झाला. परंतु क्लबची रचना अशी आहे की वरचा संघ हा खूप मोठ्या झाडाचा केवळ शेंडा आहे. खाली लहान मुलांचे, मुलींचे, किशोरांचे कितीतरी संघ आहेत, त्यांचे पालक वर्गणी भरतात, शनिवारी सकाळी गेटवर उभे राहतात, दूरच्या सामन्याला स्वतःच्या गाडीतून मुले नेतात. वरच्या संघातला चांगला खेळाडू दर दोन-तीन वर्षांनी बार्सेलोना किंवा परदेशात जातो. त्याचे दुःख होते, पण त्याच्या जागी अठरा वर्षांचा एक मुलगा उभा राहतो आणि त्याला प्रेक्षक लहानपणापासून ओळखत असतात. अशाच संघाने 2023 मध्ये युरोपियन लीगची अंतिम फेरी गाठली. तिथे बर्लिनच्या संघाकडून हार झाली, पण त्या रात्री इथे कोणी हरल्यासारखे वागत नव्हते.

यावरून मला मूळ लेखकाला असे सुचवावेसे वाटते की प्रश्न 2011 च्या निर्णयाचा नसून त्याच्या दहा वर्षे आधीचा आहे. सिउदाद रेआलने जेव्हा वरचा संघ बाहेरून विकत घेऊन बांधायचे ठरवले आणि तळाच्या वाढीकडे तितकेसे पाहिले नाही, तेव्हाच दिशा ठरली होती. आणि डावा_कोपरा यांना एवढेच म्हणेन की पाम्प्लोनाचा क्लबही सिमेंटच्या पैशावरच उभा होता, त्यामुळे तो आपल्या शहरात राहूनही पडला यात नवल नाही.

डावा_कोपरा

आपल्या प्रतिसादातले ग्रानोयेर्सचे वर्णन आवडले, आणि आपण तिथे राहून लिहिता आहात याचे मोल आहे. परंतु एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. ग्रानोयेर्सने चॅम्पियन्स लीग एकदाही जिंकलेली नाही. तसे करणे त्याला शक्यही नाही, कारण ज्या क्षणी त्याचा खेळाडू त्या पातळीचा होतो त्या क्षणी तो निघून जातो. हे आपण स्वतःच लिहिले आहे. सगळे क्लब ग्रानोयेर्ससारखे झाले तर स्पेनच्या लीगचा निकाल दरवर्षी पहिल्या दिवशीच ठरलेला असेल.

आणि तसेच झाले आहे. 2009–10 चा सिउदाद रेआलचा विजय हा बार्सेलोनाखेरीज दुसऱ्या कोणत्याही क्लबने मिळवलेला शेवटचा आसोबाल किताब आहे. 2010–11 पासून 2024–25 पर्यंत सलग पंधरा वेळा बार्सेलोनाच विजेता ठरला. 2013 ते 2018 या काळात तर त्यांनी लीगमधले शंभरहून अधिक सामने सलग जिंकले, मध्ये एक बरोबरीही नाही. सलग शंभर सामन्यांत ज्याला कोणी अडवू शकत नाही अशी स्पर्धा कोण पाहील, तिच्या प्रक्षेपणाला कोण पैसे देईल, आणि प्रक्षेपणाचे पैसे आले नाहीत तर ग्रानोयेर्सच्या अठरा वर्षांच्या मुलाला पगार कुठून द्यायचा? त्यामुळे दियास दे मेरा यांच्यासारख्या माणसांनी पैसा लावला नसता तर बरे झाले असते, हे म्हणणे मला पटत नाही. त्यांच्यामुळे सात-आठ वर्षे बार्सेलोनाला घाम गाळावा लागला. 2011 मध्ये कोलोनला चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी बार्सेलोना आणि सिउदाद रेआल यांच्यात झाली, म्हणजे युरोपातले सर्वोत्तम दोन संघ एकाच लीगचे होते. बार्सेलोना 27–24 जिंकली. तसा दिवस स्पॅनिश हँडबॉलने त्यानंतर पाहिलेला नाही.

सात_मीटर

मी दोघांच्याही मधला मुद्दा मांडतो, कारण बार्सेलोनाचे नाव आता आले आहे आणि ते बाजूला ठेवून ही चर्चा पुढे जाऊ शकत नाही.

बार्सेलोनाचा हँडबॉल विभाग 1942 पासून आहे. प्रशिक्षक वालेरो रिवेरा यांच्या काळात, 1996 ते 2000, त्यांनी सलग पाच वेळा युरोप जिंकला. 2005, 2011, 2015, 2021, 2022 आणि 2024 धरून आणि 1991 चा जुना युरोपियन कप मिळवून त्यांच्याकडे बारा किताब आहेत, जगात दुसऱ्या कोणाकडेही इतके नाहीत. यातला कोणताही किताब मी कमी लेखत नाही. 2022 च्या अंतिम फेरीत कील्त्सेविरुद्ध सामना पेनल्टी फेकींवर गेला तेव्हा समोरच्या बाकावर हाच दुयशेबाएव होता, आपला क्लब बंद झाल्यावर पोलंडला जाऊन ज्याने 2016 मध्ये त्याच कील्त्सेला युरोपविजेते केले.

परंतु बार्सेलोनाचा हँडबॉल संघ आपल्या तिकिटांवर किंवा आपल्या प्रायोजकांवर चालत नाही. त्याच्या मागे फुटबॉलचा क्लब आहे. पालाउ ब्लाउग्रानामध्ये साडेसात हजारांच्या आसपास माणसे बसतात, आणि लीगच्या साध्या सामन्याला त्यातली बरीच आसने रिकामी असतात. म्हणजे स्पेनमध्ये गेल्या तीस वर्षांत युरोप जिंकणारा प्रत्येक क्लब दुसऱ्या कुठल्यातरी व्यवसायाच्या पैशावर जगलेला आहे. 1994 मध्ये सांतांदेरच्या क्लबने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा त्याच्या छातीवर तेकाचे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगड्या आणि भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचे नाव होते. तरुण दुयशेबाएव तेव्हा तिथेच खेळत होता. 1995 मध्ये बास्क प्रांताच्या सीमेवरच्या इरूनचा बिदासोआ जिंकला, त्याच्या नावापुढे एल्गोरियागा हे चॉकलेटच्या कंपनीचे नाव होते. मग पाम्प्लोनाचे सिमेंट, मग सिउदाद रेआलचे बांधकाम. शेगडी, चॉकलेट, सिमेंट, घरे आणि फुटबॉल. स्पेनच्या अर्थव्यवस्थेत ज्या काळी जे तेजीत होते त्याचा पैसा हँडबॉलमध्ये आला आणि तेजी ओसरली की गेला. फुटबॉलची तेजी अजून ओसरली नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून सिउदाद रेआलला वेगळे काढून त्याच्या निर्णयाला दोष देणे मला अपुरे वाटते, आणि डावा_कोपरा म्हणतात तसा तो सुवर्णकाळ होता हेही अर्धेच खरे वाटते. दोन श्रीमंत क्लबांची झुंज म्हणजे चांगली लीग असे नव्हे. 2009 मध्येही बाकीच्या चौदा संघांपैकी कोणीही विजेता होण्याची शक्यता नव्हती, तेव्हा एका ऐवजी दोन नावे होती इतकेच.

चाळीस_बाय_वीस

सात_मीटर यांचा प्रायोजकांच्या परंपरेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातच माझ्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा आहे. बिदासोआ पाहा. चॉकलेटचा पैसा गेल्यावर तो क्लब वरून खाली आला, खालच्या विभागात खेळला, पुन्हा वर आला, पुन्हा घसरला, पण इरून सोडून कुठेही गेला नाही. आणि 2019–20 च्या हंगामात तोच क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये परत खेळला. आर्तालेकू नावाच्या आपल्या जुन्या सभागृहात त्यांनी युरोपचे संघ पुन्हा पाहिले. जवळजवळ पाव शतक वाट पाहण्याची तयारी असलेले गाव पाठीशी असेल तर क्लब गरीब होतो, मरत नाही.

लेओनच्या आदेमारचेही तसेच आहे. 1956 मध्ये एका मारिस्त शाळेत सुरू झालेला हा क्लब. त्याने युरोपियन कप विनर्स कप दोनदा जिंकला, पुढे पैशाच्या मोठ्या अडचणीतून गेला, खेळाडू विकले, पण अजून लेओनमध्येच आहे. आणि सेगोविया प्रांतातले नावा दे ला असुन्सिओन तर तीन हजारांहून कमी वस्तीचे खेडे आहे. त्याचा संघ 2019 पासून आसोबाल लीगमध्ये खेळतो. त्याच्या छातीवर रोपवाटिकेचे नाव असते. गालिसियातल्या कांगासच्या संघाच्या छातीवर मासळीच्या शीतगृहांचे. हे लहान पैसे आहेत, पण हे त्या गावाचे पैसे आहेत, आणि त्यांना गाव सोडून जाता येत नाही.

राहिला डावा_कोपरा यांचा राष्ट्रीय संघाचा मुद्दा. 2013 नंतर श्रीमंत क्लब गेले, लीग एकतर्फी झाली, खेळाडू परदेशात विखुरले, हे सगळे खरे आहे. तरीही स्पेनने 2018 आणि 2020 अशी लागोपाठ दोनदा युरोपियन स्पर्धा जिंकली, आणि तोक्यो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके मिळवली. त्या विजेत्या संघांचे प्रशिक्षक जोर्दी रिवेरा हे पूर्वी लेओनच्या आदेमारचे प्रशिक्षक होते. गर्भश्रीमंत क्लबांवाचून हँडबॉल मेला नाही.

डावा_कोपरा

2018 आणि 2020 च्या विजेत्या संघांतले मुख्य खेळाडू तीस वर्षांच्या आसपासचे होते. ते वीस वर्षांचे असताना आसोबाल लीगमध्ये काय चालू होते ते आठवा. ते दर आठवड्याला स्तेफान्सनविरुद्ध, श्तेर्बिकविरुद्ध, दिनारविरुद्ध खेळत होते. आगिनागाल्दे इरूनमध्ये घडला, लेओनला गेला, तिथून 2009 मध्ये सिउदाद रेआलला आला. त्याला जगातला अग्रगण्य पिव्होट म्हणू लागले ते यानंतर. आपण ज्याला लहान गावांचे यश म्हणता त्याच्या मधोमध हा श्रीमंत क्लब उभा आहे. त्या पिढीचे पीक आपण 2020 पर्यंत खाल्ले, परंतु आज वीस वर्षांचा स्पॅनिश खेळाडू आठवड्याला कोणाविरुद्ध खेळतो हा प्रश्न आपण विचारत नाही.

पोस्टाची_पेटी

मी पुण्याचा. शाळेत हँडबॉल खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे ही चर्चा तीन दिवस वाचत होतो. स्पेनबद्दल मला आपल्याइतकी माहिती नाही, परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो.

2023 मध्ये आपल्याकडे पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि महाराष्ट्र आयर्नमेन संघ तिचा पहिला विजेता ठरला. आम्हाला फार आनंद झाला, माझ्या मुलांनी सामने मोबाईलवर पाहिले. परंतु सगळे सामने जयपूरला झाले. आमच्या मुलांनी त्या खेळाडूंना प्रत्यक्ष कधी पाहिले नाही, त्यांच्या सरावाला जाऊन भिंतीपाशी उभे राहता आले नाही. मोबाईलवर पाहून माझ्या बॅचमध्ये दोन नवी मुले आली हे मान्य करतो, आणि ती दोन्ही अजून येतात. म्हणजे डावा_कोपरा म्हणतात ते खरे आहे की वर चकाकणारे काहीतरी लागते. पण ती मुले टिकली ती शेजारच्या गल्लीतला एक मोठा मुलगा राज्य शालेय स्पर्धेत खेळतो आणि त्यांना उडी कशी मारायची ते दाखवतो म्हणून.

तर माझा प्रश्न असा की 2006 ते 2009 मध्ये सिउदाद रेआलमध्ये जी दहा-बारा वर्षांची मुले किखोते अरेनामध्ये जात होती, त्यांचे पुढे काय झाले? ती खेळाडू झाली का? या चर्चेचा निकाल मला त्या उत्तरात दिसतो.

उत्तरेकडची_खिडकी

आपला प्रश्न नेमका आहे. एवढे निश्चित सांगता येते की त्या शहरात आजही हँडबॉल खेळला जातो, एकाहून अधिक क्लब आहेत, आणि युरोपविजेत्या संघासाठी बांधलेल्या किखोते अरेनामध्ये सामने होतात. ते सभागृह माद्रिदला नेता आले नाही. डावा_कोपरा, ही मी आपल्या बाजूने मान्य करत असलेली गोष्ट आहे, कारण तेवढे मोठे सभागृह त्या श्रीमंत क्लबाशिवाय त्या शहरात झाले नसते.

डावा_कोपरा

ती मान्यता मी घेतो. त्या बदल्यात हेही लिहून ठेवतो की 2011 च्या उन्हाळ्यात, निघण्यापूर्वी, क्लबने आपल्या मुलांचे संघ आणि शहरातल्या सदस्यांशी बोलून तळाची रचना तिथेच स्वतंत्रपणे उभी ठेवण्याची तजवीज करायला हवी होती. वरचा संघ माद्रिदला जाणे मला आजही चुकीचे वाटत नाही. मागे काही न ठेवता जाणे चुकीचे होते.

चाळीस_बाय_वीस

इथे आपण जवळ आलो आहोत, परंतु माझ्यासाठी ही एकच गोष्ट आहे. वरचा संघ ज्या दिवशी गेला त्या दिवशी त्या मुलांना शनिवारी संध्याकाळी पाहायला काही उरले नाही. सभागृह राहिले हे खरे. त्यात पुन्हा माणसे भरायला त्या शहराला किती वर्षे लागली, ते मात्र कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नाही.